चार्टवरची सरळ रेघ

भुसावळ, 14 मे

चि. डॉक्टर,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. लग्नसराई आणि उन्हाळा एकत्र आले की महामार्गावरच्या अपघातांमुळे आमच्याकडे रात्रीच्या शस्त्रक्रियांना खंड पडत नाही, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. राग मानू नकोस. भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पहिली सहामाही संपत आली आहे, प्रबंधाचा आराखडा, म्हणजे तुमच्या बोलीतली सिनॉप्सिस, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जायचा आहे आणि गाईडनी तीन विषय पुढे ठेवून त्यांतला एक निवडायला सांगितला आहे, असे तू लिहितेस. तिन्ही विषय मी नीट वाचले. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई टोचून द्यायची भूल, देताना एका गटात बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधात एक औषध मिसळायचे, दुसऱ्या गटात दुसरे मिसळायचे आणि पहिले वेदनाशामक इंजेक्शन कोणाला उशिरा लागते ते पाहायचे, असा तिन्हींचा सांगाडा एकच आहे. बदलते ते केवळ मिसळायच्या औषधाचे नाव.

अशा विषयावर प्रबंध करून पदवी मिळते, यात शंका नाही. गाईडना नावेही ठेवू नकोस. औषध भांडारात उपलब्ध असते, रुग्ण रोज मिळतात, दीड वर्षात काम उरकते आणि विद्यार्थी अडकून पडत नाही, एवढा व्यवहार त्यांना पाहावा लागतो. मात्र डेक्समेडेटोमिडिन किंवा क्लोनिडिन घातले की भूल जास्त वेळ टिकते, नाडी मंदावते आणि रुग्णाला गुंगी येते, हे आपल्या देशातल्या रेसिडेंटांनी इतक्या वेळा मोजून झाले आहे की तुझ्या साठ रुग्णांनी त्यात काय भर पडेल, ते मला दिसत नाही. तुझ्या पत्राच्या शेवटी, बहुधा संकोचाने, एक ओळ आहे: ‘मला खरोखर काही शोधायचे आहे.’ त्या ओळीला उत्तर म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रुग्णालयात मी भूल द्यायला जात असे. मॉनिटर नव्हता, पाऱ्याचे रक्तदाबयंत्र, स्टेथोस्कोप आणि नाडीवरचे बोट एवढीच सामग्री. हर्नियाचा एक वयस्क शेतकरी होता. स्पायनल दिल्यावर दहाव्या मिनिटाला त्याचा वरचा रक्तदाब सत्तरच्या खाली गेला. मी सलाईन वेगाने सोडले, रक्तदाब चढवणारे मेफेन्टरमाईन दिले, पाय उंच केले, पुन्हा मेफेन्टरमाईन दिले, आणि दाब जागेवर यायला पाव तासाहून अधिक वेळ लागला. या सगळ्या धावपळीत कागदावर एकही आकडा लिहिला गेला नव्हता. शस्त्रक्रिया संपल्यावर, चहाचा कप शेजारी ठेवून, मी चार्ट भरायला घेतला आणि 120, 118, 120, 122 असे आकडे एकामागून एक मांडत गेलो. कागदावर रेल्वेच्या रुळांसारख्या दोन सरळ रेघा तयार झाल्या. तिसऱ्या दिवशी त्या माणसाची लघवी कमी झाली आणि त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथल्या फिजिशियननी शस्त्रक्रियेच्या वेळचा कागद मागवला, तो पाहिला, रक्तदाब व्यवस्थित होता असे गृहीत धरले आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचे कारण ते दुसरीकडे शोधत बसले. मला हे कळले तेव्हा मी फोन करून खरे सांगितले. माणूस बरा होऊन घरी गेला. पण माझ्या कागदावर त्या पाव तासात काहीही घडले नव्हते, आणि हे मला अजूनही बोचते.

तुमच्या विभागात असे होत नाही, असे म्हणू नकोस. मॉनिटर आले, दर तीन किंवा पाच मिनिटांनी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा, म्हणजे कफ, आपोआप फुगू लागला, तरी अनेक ठिकाणी आकडा पडद्यावरून कागदावर माणसाच्या हातूनच उतरतो आणि उतरताना गुळगुळीत होतो. हाताने भरलेले आणि यंत्राने आपोआप टिपलेले चार्ट शेजारी ठेवून जे अभ्यास झाले, त्यांत हातच्या कागदावर टोकाचे आकडे कमी आढळले, सगळ्यात वरचेही आणि सगळ्यात खालचेही. यात नेहमी लबाडीच असते असे नाही. 78 हा आकडा दिसला की ‘कफ सरकला असेल’ असे मन आपल्याला समजावते, आपण पुन्हा मोजतो, 96 येतो आणि आपण 96 लिहितो. कधी कफ खरोखर सरकलेलाही असतो. तरीही 78 लिहून त्याच्यापुढे ‘कफ तपासला, पुन्हा मोजले’ अशी टीप टाकायला काही सेकंद पुरतात.

भुलेचा चार्ट कोणी सुरू केला, ते तुला माहीत आहे का? हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या दोघांनी, 1894-95 च्या सुमारास, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. मॉर्टन या दंतवैद्याने 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग केला तो याच रुग्णालयात, आणि तिथे भूल देऊ लागून जवळजवळ अर्धशतक लोटले तरी भुलेखालच्या रुग्णाची नाडी पद्धतशीर टिपून ठेवण्याची रीत पडली नव्हती. तेव्हा हे दोघेही विद्यार्थीच होते. ईथर हुंगवायचे काम विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडे, आणि कुशिंगच्या हातून भूल दिली जात असताना एक रुग्ण दगावला होता. पुढे दोघांनी कोणाची भूल अधिक चांगली यावर जेवणाची पैज लावली आणि नाडी, श्वास यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. 1901 साली कुशिंगने इटलीत रिवा-रोची यांचे रक्तदाब मोजायचे साधन पाहिले, तेव्हा त्या तक्त्यात रक्तदाबाची भर पडली. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते: आपल्या शास्त्रातले एक अत्यंत उपयोगी संशोधन दोन विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिलीने केले, आणि त्यामागे एका मृत्यूची टोचणी होती.

प्रामाणिक नोंदीतून काय निघते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे आहे. तिथल्या भूलतज्ज्ञांनी 33,330 शस्त्रक्रियांच्या संगणकावर आपोआप साठलेल्या नोंदी तपासल्या आणि 2013 साली प्रसिद्ध केल्या. सरासरी धमनीदाब 55 च्या खाली गेलेल्या रुग्णांत, तो काही मिनिटेच तिथे राहिला असला तरी, मूत्रपिंडाला आणि हृदयाच्या स्नायूला इजा होण्याचे प्रमाण वाढलेले त्यांना दिसले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे तू मला परीक्षेत सांगशीलच; तरी ते वाचताना मला तो हर्नियाचा शेतकरी आठवला. त्या संगणकात माझ्यासारख्यांनी चहा पिताना भरलेले आकडे असते, तर 33,330 चे तीन लाख केले असते तरी त्यातून काही हाती लागले नसते.

गुळगुळीत आकड्यांची सवय कुठवर जाते, तेही सांगतो. योशिताका फुजिई नावाचे जपानी भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर, विशेषतः ग्रॅनिसेट्रॉन या औषधावर, शोधनिबंधामागून शोधनिबंध प्रसिद्ध करत असत. निरनिराळ्या निबंधांत डोकेदुखीचे प्रमाण औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत तंतोतंत सारखे येते, हे जर्मनीतल्या काही भूलतज्ज्ञांच्या ध्यानात आले आणि त्यांनी 2000 सालीच ते पत्राद्वारे छापून मांडले. तरीही पुढची दहा-बारा वर्षे काही झाले नाही. 2012 साली इंग्लंडमधल्या जॉन कार्लाइल या भूलतज्ज्ञाने फुजिईंच्या 168 चाचण्यांतले आकडे संख्याशास्त्राच्या कसोटीला लावून दाखवले की खऱ्या रुग्णांचे आकडे इतके नीटनेटके येणे जवळपास अशक्य आहे. जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेने चौकशी केली; 172 निबंधांत बनावट सामग्री सापडली आणि त्यांपैकी 126 पूर्णपणे कल्पित ठरले. कार्लाइल हे कोणी मोठे प्राध्यापक नव्हेत; टॉर्की या समुद्रकाठच्या गावातल्या रुग्णालयात रोज भूल देणारे डॉक्टर. रोज भूल देणाऱ्याला खरा आकडा कसा वाकडातिकडा असतो ते ठाऊक असते, आणि म्हणूनच कदाचित त्यांना ते दिसले, असे मी मनाशी धरून चालतो.

वाकड्यातिकड्या आकड्याची किंमत सांगणारी माझी आवडती गोष्ट मात्र पल्स ऑक्सिमीटरची आहे. हे यंत्र तू बोटाला लावतेस, लाल दिवा लागतो आणि 98 दिसते. त्यामागे ताकुओ आओयागी हे जपानी अभियंते आहेत. ते निहोन कोहदेन या कंपनीत हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते ते मोजायचा वेगळाच प्रयोग करत होते: शिरेत रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून तो रंग किती दिसतो ते पाहायचे. त्यांचा आलेख सरळ येत नव्हता. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्यात हिसका बसे. हा हिसका काढून टाकायच्या खटपटीत असताना त्यांच्या ध्यानात आले की तो फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे, आणि दोन वेगळ्या तरंगलांबींवर त्या हिसक्यांचे गुणोत्तर पाहिले तर धमनीतल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगता येईल. 1974 साली त्यांनी ते मांडले. जो हिसका अडथळा म्हणून पुसायचा होता, त्यातूनच यंत्र निघाले. तुझ्या चार्टवरचा 78 पुसण्याआधी हे आठवत जा.

आता याच यंत्राची दुसरी बाजू. डेन्मार्कमध्ये 20,802 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि 1993 साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना ऑक्सिमीटर लावला, निम्म्यांना लावला नाही. ज्यांना लावला त्यांच्यात प्राणवायू कमी झाल्याचे 19 पट अधिक वेळा सापडले. पण मृत्यू आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ही चाचणी रेसिडेंटांना सांगितली की अर्धे म्हणतात, ‘मग यंत्र कशाला?’ आणि अर्धे म्हणतात, ‘चाचणीच चुकली असेल.’ मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. भुलेमुळे होणारा मृत्यू इतका विरळ असतो की वीस हजार रुग्णही तो फरक दाखवायला अपुरे पडतात. आणि सापडलेल्या घसरणीवर कोणी काय केले, यावरच रुग्णाचा फायदा अवलंबून असतो. ऑक्सिमीटरशिवाय मी आज कोणालाही भूल देणार नाही, आणि तरी ही चाचणी खोटी आहे असेही म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायला शीक.

यातूनच तुझ्या साठ रुग्णांचा हिशेब निघतो. समजा, तुझ्या प्रबंधात साठ रुग्णांपैकी एकालाही श्वास मंदावण्याचा त्रास झाला नाही. विद्यार्थी लगेच लिहितात: औषध सुरक्षित आहे. संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा असा की काही घडले नाही तेव्हा तीनला रुग्णसंख्येने भागावे. साठांत शून्य आले, तर खरा धोका शंभरात पाचांपर्यंतही असू शकतो, आणि तुझा अभ्यास त्याला नाही म्हणू शकत नाही. शंभरात पाच जणांचा श्वास मंदावणारे औषध तू तुझ्या आईला द्यायला तयार होशील का? म्हणून ‘या अभ्यासात असा त्रास आढळला नाही’ एवढेच लिही. तसेच वेदनेच्या शंभर मिलीमीटरच्या पट्टीवर दोन गटांत चार मिलीमीटरचा फरक आला आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना तो योगायोगाने दिसण्याची शक्यता, नखाएवढी लहान निघाली, तरी रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण दहा मिलीमीटरचा धरतात, हे विसरू नकोस. संगणकाला फरक कळला आणि रुग्णाला कळला नाही, तर पुढच्या वेळी कोणाचे ऐकायचे ते तू ठरव.

आता विषयाकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या मनात वीस वर्षे घोळत असलेला विषय आहे. शस्त्रक्रियेनंतर आपण रुग्णाला विचारतो, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ तुझ्या तिन्ही विषयांचे सगळे निष्कर्ष या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहेत. हा प्रश्न शहाद्याकडच्या, कधी शाळेत न गेलेल्या आजीला विचारून पाहा. ती तुझ्या तोंडाकडे पाहील, मग मुलाकडे पाहील, आणि मुलगा म्हणेल, ‘लिहा पाच.’ तुझ्या प्रबंधात ते पाच मुलाचे असतील, आजीचे नव्हे. पट्टीवर पेन्सिलीने खूण करायला सांगितली, तर जिने पेन्सिल हातात धरलेली नाही ती मधोमध खूण करते. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचे चित्र दाखवले, तर मोठ्या मिशांचा पाटील रडव्या चेहऱ्यावर बोट ठेवायला तयार नसतो. दुखणे कितीही असो, तो हसऱ्याच्या शेजारच्यावर थांबतो.

अमळनेर-पारोळ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हे शिकवले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि मी अहिराणीत विचारले, ‘दुखस का?’ ते म्हणाले, ‘दुखत नही, आग व्हस.’ मी ‘दुखत नाही’ एवढेच ऐकले, कागदावर शून्य लिहिले आणि पुढे निघालो. पण आग होत होती! त्यांच्या लेखी दुखणे हा एक प्रकार होता आणि आग हा दुसरा. मी परत फिरलो आणि विचारले, ‘आग किती?’ ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘बारा आणे.’ पिकाची आणेवारी ज्याने जन्मभर ऐकली, त्याच्यापाशी सोळा घरांची पट्टी आधीपासून होती. मी त्याच्या हातात दहा घरांची दुसरी पट्टी देत होतो. इंजेक्शननंतर तासाभराने विचारले, तर ते न विचार करता म्हणाले, ‘चार आणे.’ त्यानंतर मी साठीच्या पुढच्या रुग्णांना आण्यांतच विचारत आलो. तरुणांना आणा कळत नाही, त्यांच्याशी दहाच बरे.

हा माझा अनुभव आहे, पुरावा नाही. तो पुरावा व्हायला काय करावे लागेल, त्याचा विचार कर. मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत. ते इंग्रजी बोलणाऱ्यांनी वापरलेले शब्द आहेत. आपल्याकडे कळ, ठणका, चमक, सणक, आग, ठसठस, मुरडा, टोचणी, रग, मुंग्या असे शब्द आहेत, आणि त्यांतला प्रत्येक वेगळ्या उगमाकडे बोट दाखवतो असा माझा कयास आहे: ठणका जखमेच्या सुजेकडे, मुरडा आतड्याकडे, सणक आणि मुंग्या दुखावलेल्या मज्जातंतूकडे. आग-मुंग्या सांगणाऱ्याला नुसत्या पॅरासिटॅमॉल-डायक्लोफेनॅकने उतार पडत नाही, हे तूही पाहिले असशील. अहिराणीत, लेवा बोलीत, सातपुड्यातल्या भिली आणि पावरी बोलींत या शब्दांना काय म्हणतात, ते आधी गोळा करावे लागेल, आणि ते वॉर्डातल्या त्याच भागातल्या सिस्टरना बरोबर घेऊनच होईल. तू किंवा मी विचारले की रुग्ण शुद्ध बोलायला पाहतो आणि नेमका शब्द गिळतो. मग आण्यांची पट्टी आणि दहाची पट्टी एकाच रुग्णाला, उलटसुलट क्रमाने, विश्रांतीत आणि खोकताना, औषधाआधी आणि औषधानंतर विचारायची. कोणत्या पट्टीवर उत्तर न देता येणारे कमी, तेही मोजायचे. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आकडा ठरेल आणि तो बहुतेक प्रबंधांत सापडत नाही, कारण उत्तर देऊ न शकणाऱ्यांना अभ्यासातून आधीच वगळलेले असते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटले की बोलून सांगता आले नाही म्हणजे वेदना नाही असे होत नाही. आपण मात्र न सांगणाऱ्याला गाळतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो.

यात महागडे औषध नाही, नवे यंत्र नाही, त्यामुळे परीक्षकाला ते साधे वाटेल अशी भीती तुझे गाईड घालतील. ती अगदीच निराधार नाही. पण मोजपट्टी चुकलेली असताना कापडाचा पोत काय तपासणार?

दुसरा विषय नंदुरबारचा आहे, आणि तो हाताला जड आहे. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो, हे तुला घरचेच आहे. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले, आणि तपासणीची कार्डे आता गावोगाव दिसतात. प्राणवायू कमी पडला, शरीर गार पडले, पाणी कमी झाले किंवा रक्तातले आम्ल वाढले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, ही चारही संकटे शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकत्र भेटू शकतात. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि आत एसी अठरावर लावून सर्जन घाम पुसत असतात. स्पायनल दिलेला रुग्ण कुडकुडत असतो. त्याला आपण कुडकुडी थांबवायला ट्रॅमाडॉल देतो, पण त्याचे तापमान मोजतो का? सिकलसेलच्या रुग्णात बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी यांत तफावत पडू शकते. शिवाय 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीत प्रत्यक्षात 88 पेक्षा कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के, तर गोऱ्यांत 3.6 टक्के आढळले. दिवसभर उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या माणसांच्या बोटावर हे यंत्र किती खरे बोलते, हा प्रश्न इथूनच विचारला जायला हवा. आणि याच आजाराच्या तरुणांना वेदनेच्या झटक्यात वॉर्डात ‘इंजेक्शन मागायची सवय लागली आहे’ असे म्हटलेले मी अनेकदा ऐकले आहे. त्यांना औषध मिळायला किती मिनिटे लागतात, एवढे जरी तू घड्याळ लावून मोजलेस, तरी तो आकडा पुष्कळांना अस्वस्थ करील.

फवारणीच्या हंगामाचा विषय मी फक्त सुचवून ठेवतो. कपाशीवर फवारलेल्या काही कीटकनाशकांमुळे रक्तातले कोलिनेस्टरेज, म्हणजे काही औषधे मोडून टाकणारे विकर, मंदावते आणि मग स्कोलिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम काही मिनिटांऐवजी तासांवर जाऊ शकतो. विषबाधा होऊन आलेल्याच्या बाबतीत हे सर्वांना ठाऊक असते. पण दोन महिने फवारणी करून अपेंडिक्ससाठी आलेल्या, वरकरणी धडधाकट मजुराच्या बाबतीत कोणी विचारत नाही. निदान भूलपूर्व तपासणीत ‘फवारणी कधी केली?’ हा एक प्रश्न आजपासून घाल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. एथिक्स कमिटीची मान्यता येईपर्यंत एकाही रुग्णाला हात लावू नकोस. दोन उपचारांची तुलना करणार असशील, तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, पहिल्या रुग्णाआधी नोंदणी झाली पाहिजे. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी चालत नाही. संख्याशास्त्रज्ञाकडे आकडे जमवल्यावर जाऊ नकोस, आधी जा. तुझा मुख्य मोजमापाचा मुद्दा कोणता, ते एकदा लिहून ठेवलेस की निकाल पाहून तो बदलू नकोस. संमतीबद्दल मात्र चार शब्द जास्त लिहितो. टेबलावर, हिरवा गाऊन घातलेल्या, उपाशी आणि घाबरलेल्या माणसाचा अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असे मी कधी मानले नाही. आदल्या दिवशी, घरचे माणूस बसलेले असताना, त्याच्या बोलीत सांग, आणि मग त्यालाच विचार की मी काय सांगितले. त्याला सांगता आले नाही, तर दोष तुझ्या सांगण्याचा. ‘नाही’ म्हणणाऱ्याची भूल आणि वेदनाशमन ‘हो’ म्हणणाऱ्याइतकेच चोख झाले पाहिजे. तू स्वतः त्याच्या खाटेशी सकाळ-संध्याकाळ जा, म्हणजे वॉर्डातल्या बाकीच्यांनाही ते कळते.

गाईडना एकदम ‘तुमचे विषय नकोत’ असे सांगू नकोस. वेदनेच्या पट्टीचा विषय एका पानावर लिही, त्यात साठ की शंभर रुग्ण लागतील ते संख्याशास्त्रज्ञाकडून काढून घे, अठरा महिन्यांचा तक्ता कर आणि मग त्यांच्यापुढे ठेव. ते नाही म्हणाले तर त्यांच्याच विषयावर प्रबंध कर, पण त्यातल्या वेदनेच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘उत्तर कोणी दिले’ असा एक रकाना जोड. त्याला कोणी हरकत घेणार नाही, आणि दीड वर्षांनी तुझ्याकडे दुसरा निबंध तयार असेल.

मृगाआधी एक रविवार मोकळा काढून भुसावळला ये. घरच्यांनी वांग्याच्या भरिताचे आमंत्रण दिले आहे, हंगाम नसला तरी. येताना गेल्या पंधरवड्यात तू भरलेले दहा चार्ट, रुग्णांची नावे झाकून आणि विभागाची परवानगी घेऊन, बरोबर आण. त्यांत कुठे जागा रिकाम्या राहिल्या असतील तर तशाच असू दे. गाडीत बसून भरू नकोस.

तुझा शुभचिंतक